फ्यूज कोणाच्या खिशात

डॉक्टर म्हणाले, एक वही ठेवा आणि वडील जे जे विसरतील ते तारखेनिशी लिहा. बाकी काही सुचत नसताना एवढं एक काम माझ्या हातातलं होतं. वह्या मी शाळेपासून ठेवते. किराण्याची वेगळी, दुरुस्त्यांची वेगळी, कपाटाच्या कुठल्या खणात काय आहे याची वेगळी. लग्न का केलं नाही याचीही एकदा यादी केली होती. ती सोडून बाकीच्या सगळ्या जपून ठेवल्या आहेत.

ही सवय वडिलांची. ते एका कारखान्यात चौतीस वर्षं विजेच्या मोटारींच्या पॅनलचं वायरिंग करत होते. आमच्या घरात अवजारांची एक फळी आहे. तिच्यावर प्रत्येक अवजाराची आकृती त्यांनी पेन्सिलीनं काढून ठेवली होती. पक्कड जागेवर नसली की तिची रिकामी आकृती दिसायची आणि मग ती सापडेपर्यंत घरात कोणी जेवायचं नाही. अशा माणसाच्या विसरण्याची वही मी ठेवणार होते. कपाटात, चादरींच्या खाली, त्यांना दिसणार नाही अशी.

पहिल्या पानावर दुधाचं पातेलं होतं. गॅसवर ठेवून ते गच्चीवर गेले. मग मार्केट यार्डातून आणलेले कांदे रिक्षात राहिले. हे कोणाचंही होऊ शकतं, म्हणून ते खोडलं. पण त्याच संध्याकाळी ते पिशवी घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "कांदे आणायला जायचंय ना?" मग पुन्हा लिहिलं. पुढे एका दुपारी त्यांनी विचारलं, "तुझी आई किती वाजता येणार आहे?" आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या दिवसापुढे मी फक्त 'आईबद्दल विचारलं' एवढंच लिहिलं.

आमची सोसायटी बारा घरांची, तीन मजली, लिफ्ट नसलेली. महापालिकेचं पाणी सकाळी जमिनीखालच्या टाकीत येतं आणि तिथून दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी ही मोटार जळाली. जळण्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. जुना स्टार्टर बिघडला होता तेव्हा कोणीतरी तो काढून मोटार सरळ स्विचवर जोडून दिली होती. याला वायरमन लोक 'डायरेक्ट करणं' म्हणतात. मध्ये राखण करणारं काही नसतं. मोटारीवर ताण आला तर ती तशीच चालत राहते आणि शेवटी जळते. आमची चार वर्षं चालली होती.

मोटार वाइंडिंग करून परत आली. त्या दिवशी जिन्यात आमची सभा भरली. आमच्या सभा जिन्यातच भरतात, पायरी सापडेल तो सभासद. चेअरमन सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, दुसऱ्या मजल्यावरचे. ते म्हणाले, "वायरमनला सांगितलंय. तासाभरात डायरेक्ट करून जाईल."

वडील कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "डायरेक्ट नको. स्टार्टर मी बसवतो. ओव्हरलोड रिलेसकट."

"काका, वय काय आपलं?"

"तुमच्यापेक्षा दहा जास्त. म्हणून तर डायरेक्ट करत नाही."

लोक हसले. चेअरमनसुद्धा हसले. मी सोसायटीची सेक्रेटरी होते, मला नाही म्हणता आलं असतं. मी हो म्हटलं. वडिलांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. मला बघायचं होतं की त्यांना अजून येतं का. डॉक्टरांच्या खोलीत ते वार विचारला की गप्प बसायचे आणि घड्याळ काढायला सांगितलं की वाकडं काढायचे. पण ही परीक्षा त्यांच्या विषयाची होती. हे त्यांना जमलं तर वहीतलं बाकीचं सगळं किरकोळ आहे असं मी धरून चालणार होते.

जिन्याखालच्या पंपाच्या खोलीत काम दोन सकाळी चाललं. मी रजा टाकली आणि बॅटरी धरून उभी राहिले. त्यांनी पहिलं काम केलं ते फ्यूज काढण्याचं. मेन स्विचमधला चिनी मातीचा पांढरा फ्यूज त्यांनी ओढून काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. कारखान्यातला त्यांचा हा नियम होता. बोर्डावर पाटी लावायची नाही, कोणाला ओरडून सांगायचं नाही. हात ज्याचा आत, फ्यूज त्याच्या खिशात. काम संपलं की त्यानंच तो परत घालायचा. एकदा साहेबानं घाईत फ्यूज मागितला होता. यांनी काम संपेपर्यंत दिला नव्हता. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की साहेबाच्या मिशीचा आकारही मला पाठ होता.

त्यांचे हात आठवणीपेक्षा शहाणे होते. वायर सोलताना तांब्याला ओरखडा नाही. टोकाला गोल डोळा वळवायचा, तो स्क्रू ज्या दिशेला आवळतो त्याच दिशेला. मी विचारलं, का? म्हणाले, "स्क्रू फिरतो तसा डोळा मिटत जातो. उलटा लावलास तर आवळताना उघडतो आणि वायर बाहेर सरकते. ढिल्या वायरला ठिणगी, ठिणगीला आग. शाळेत काय शिकवतात तुम्हाला?" मी तेव्हा एकावन्न वर्षांची होते.

रिले म्हणजे काय तेही त्यांनी सांगितलं. काळी डबी, मुळात तीन फेजच्या मोटारींसाठी केलेली, तिच्यात धातूच्या तीन पट्ट्या, प्रत्येक पोलला, म्हणजे वायरीच्या प्रत्येक वाटेला, एक. मोटार जास्त करंट ओढू लागली की पट्ट्या तापून वाकतात आणि स्टार्टर पाडतात, म्हणजे बंद करतात. "मोटारीला ताप आला की ही आधी सांगते. पण हिची भाषा समजून घ्यावी लागते." डबीवर एक छोटा काटा होता. मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर त्यांनी तो आणला, चष्मा वर करून पुन्हा पाहिला आणि आणखी केसभर सरकवला.

दुसऱ्या सकाळी, काम संपत आलं होतं तेव्हा, त्यांनी वीतभर लाल वायर कापली. दोन्ही टोकांना डोळे वळवले. मग तो तुकडा हातात धरून ते बोर्डाकडे बघत राहिले. मी बॅटरी थोडी जवळ नेली. तेवढ्यात चेअरमन दारात आले.

"काका, पाणी या महिन्यात का पुढच्या?"

"दहा मिनिटं."

"कारखान्यातली का घरातली?"

हातातला तुकडा वडिलांनी खिशात टाकला, स्टार्टरचं झाकण लावलं, खिशातून फ्यूज काढून जागेवर घातला आणि हिरवं बटण दाबलं. मोटार लागली. तिचा आवाज स्वच्छ होता. वर गच्चीतून कोणीतरी ओरडलं, "आलं." चेअरमन म्हणाले, "वा." पुण्यात याहून जास्त कौतुक अपेक्षित नसतं.

त्या संध्याकाळी मी वहीत काही लिहिलं नाही. रविवारी कपडे धुताना त्यांच्या शर्टाच्या खिशात तो लाल तुकडा सापडला. नीट वळवलेले दोन डोळे. उरलेली वायर असेल म्हणून मी ती अवजारांच्या खणात ठेवून दिली.

पुढच्या मंगळवारी स्टार्टर पडला. पाण्याला वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि मोटार आपोआप बंद. वडील खाली गेले, थोडं थांबून रिले पुन्हा जागेवर आणणारं निळं बटण दाबलं, पुन्हा चालू केली. पुन्हा पंचवीस मिनिटं. बुधवारी दोनदा. गुरुवारी एकदाही नाही, म्हणून मला वाटलं, मिटलं. शुक्रवारी तीनदा. टाकी कधीच पूर्ण भरेना. तिसऱ्या मजल्याच्या नळाला हवा येऊ लागली आणि लोक जिन्यात बादल्या ठेवू लागले. आमच्या दाराच्या अगदी समोर ठेवत, म्हणजे तक्रार वेगळी लिहावी लागू नये.

वडील दिवसातून दहा वेळा जिना उतरत. क्लॅम्प मीटर लावून करंट मोजत. "करंट बरोबर आहे," म्हणत. "बरोबर आहे, मग पाडतोय का?" अर्ध्या तासानं पुन्हा मीटर घेऊन जात आणि पहिल्यांदाच मोजावं तसं मोजत. मी हे लिहिलं. एका दिवसात पाच नोंदी झाल्या तेव्हा पेन ठेवून दिलं.

चेअरमन जिन्यात भेटले. "काकांचा स्टार्टर शिस्तीचा आहे. पंचवीस मिनिटं काम, मग विश्रांती. आमच्या कचेरीत शोभला असता."

वडील पाठीमागेच होते. पूर्वीचे असते तर याला ताडकन उत्तर मिळालं असतं, आणि ते उत्तर चेअरमननीच पुढे चार जणांना सांगितलं असतं. वडील कठडा धरून नुसते उभे राहिले. मग मला म्हणाले, "कुठला स्टार्टर?"

चेअरमननी ते ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. ते वर गेले. पण पाणी बारा घरांचं होतं. शनिवारी त्यांनी आपला वायरमन आणलाच. चाळिशीचा, अनुभवी माणूस. झाकण उघडून तो बराच वेळ बघत राहिला.

"हात कोणाचा आहे, ताई?"

"वडिलांचा."

"आता असं कोणी करत नाही. कामात खोट नाही. रिलेच नाजूक आहे. काटा पूर्ण वर करतो, नाहीतर काढून टाकू, डायरेक्ट करू."

"काटा वर केला तर राखण काय राहिली?"

"राखण नाहीच राहणार. पण पाणी राहील."

मी चेअरमनकडे एक दिवस मागितला. ते म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत. ताई, मला हौस नाही. पण काकांना आपण किती दिवस जिना उतरू देणार?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला राग आला तो त्याचाच.

त्या संध्याकाळी मी वडिलांच्या कारखान्यातल्या डायऱ्या काढल्या. त्यांनी त्या वर्षांप्रमाणे दोरीनं बांधून ठेवल्या होत्या, त्यामुळे वेळ लागला नाही. चौथ्या गठ्ठ्यात ते पान होतं. वर शीर्षक, 'सिंगल फेज मोटार, तीन पोलचा रिले'. खाली आकृती. मोटारीच्या दोनच वायरी. न्यूट्रल मधल्या पोलमधून सरळ जात होती, पण फेजची वायर पहिल्या पोलमधून खाली उतरून, वळसा घेऊन, पुन्हा वरून तिसऱ्या पोलमध्ये शिरत होती आणि तिथून मोटारीकडे जात होती. हा वळसा लाल पेन्सिलीनं काढला होता. शेजारी त्यांच्या त्या वेळच्या ठाशीव अक्षरात: 'तिन्ही पट्ट्या सारख्या तापल्या पाहिजेत. एक थंड राहिली तर रिलेला वाटतं एक फेज गेला, मग तो लवकर पाडतो. लोक रिलेला दोष देतात. नवीन माणसाची नेहमीची चूक.'

मी खण उघडला. तो तुकडा तिथेच होता. लाल, वीतभर, दोन्ही टोकांना डोळे. त्यांना माहीत होतं. त्यांनी तो मापानं कापला होता, वळवला होता आणि लावायच्या आधीच्या क्षणी तो कशासाठी आहे हे त्यांच्यातून निघून गेलं होतं. मी शेजारी बॅटरी धरून उभी होते. इतका वेळ ते बोर्डाकडे बघत होते ते मी पाहिलं होतं आणि त्याला मी काळजीपूर्वक काम करणं समजले होते.

मी त्यांना सांगायला हवं होतं. पान समोर ठेवायला हवं होतं. पण 'नवीन माणसाची नेहमीची चूक' हे त्यांच्याच अक्षरातलं वाक्य त्यांच्या हातात द्यायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी जेवून ते झोपले तेव्हा मी खाली गेले. क्रम कागदावर लिहून नेला होता. पहिलं, फ्यूज. ओढून काढला. माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता, म्हणून ओढणीच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधला. टेस्टरनं पाहिलं, मग झाकण उघडलं. मोटारीकडे जाणारी फेजची वायर पहिल्या पोलखालून काढून तिसऱ्याखाली लावली. पहिल्याच्या खालून तिसऱ्याच्या वर तो लाल तुकडा. एक स्क्रू दोनदा खाली पडला. सगळं पुन्हा आकृतीशी ताडून पाहिलं, फ्यूज घातला, हिरवं बटण दाबलं आणि स्टुलावर घड्याळ बघत बसले. पंचवीस मिनिटं झाली. तीस. चाळीस. वर टाकी भरून वाहू लागल्याचा आवाज आला तेव्हा मोटार बंद केली.

घरी आले तर वडील पलंगावर उठून बसले होते. मोटारीचा आवाज ते झोपेतही ऐकत.

"पडला नाही?"

"नाही."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

ते चपला घालून निघाले. मी मागोमाग गेले. खोलीत गेल्यावर त्यांनी फ्यूज काढला, खिशात टाकला आणि झाकण उघडलं. त्या दिवशी ते अगदी जागे होते. असे दिवस अधूनमधून यायचे. लाल तुकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"ही कोणी लावली?"

उत्तर मी जिना उतरतानाच ठरवून ठेवलं होतं. "तुम्हीच लावलीत, बाबा. सकाळी."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. त्यांना माझं पटत होतं. आठवत नाही म्हणजे केलं नाही असं आता म्हणता येत नाही, हे त्यांना माहीत झालं होतं, आणि मी तेवढ्याचाच फायदा घेत होते. त्यांनी चष्मा वर केला, वाकून तो स्क्रू जवळून पाहिला.

"डोळा उलटा आहे," ते म्हणाले.

मीही वाकून पाहिलं.

"मी विसरेन. वायरच लावायची विसरेन. पण डोळा उलटा लावणार नाही."

बाहेर कोणीतरी स्कूटर लावत होतं. ती लावून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"तुकडा कुठे होता?"

"तुमच्या खिशात. धुताना सापडला."

"मी कापला होता?"

"हो."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्याच कोणा माणसाच्या चुकीची माहिती मिळावी तशी. "आणि हात घातलास तेव्हा फ्यूज कुठे होता?"

"ओढणीला गाठ मारून."

"बरं." एवढंच. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. "डोळा सरळ कर." मी स्क्रू सैल केला, टोक बाहेर काढलं, पालथं केलं आणि पुन्हा बसवलं. त्यांनी वायर धरून ओढून पाहिली. हलली नाही. झाकणही मीच लावलं. शेवटी त्यांनी खिशातून फ्यूज काढला. मला वाटलं ते घालणार, म्हणून मी बाजूला झाले. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"आता हे तुझ्याकडे," ते म्हणाले. "मी मागितला तरी देऊ नकोस. साहेबाला नव्हता दिला मी."

दारातून बाहेर पडताना कठड्यापाशी ते थांबले. "आणि वहीत लिही. चादरींखाली ठेवतेस ना, त्या. तारीख टाक."

संध्याकाळी चेअरमन वायरमनला घेऊनच खाली आले. मोटार चालू होती. वडील खुर्ची टाकून दारात बसले होते.

"काय काका, सापडला दोष?"

"सापडला. माझा होता."

चेअरमन काहीतरी तयारी करून आले असणार. ते त्यांनी गिळलं. जवळच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "पाण्याला दाब चांगला आहे हो आज." वायरमननं उघडून तो लाल वळसा पाहिला, बराच वेळ पाहिला आणि वडिलांना वाकून नमस्कार केला. शनिवारी येऊन गेलेला हा माणूस तोवर वडिलांच्या लक्षातून गेला होता. मला हळूच विचारलं, "हे कोण?"

त्या तारखेपुढे मी तीन ओळी लिहिल्या. तुकडा विसरले. डोळा ओळखला. फ्यूज स्वतः दिला. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला वही चाळली आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, घरातलं आहे.

त्यानंतर त्यांनी अवजारांना हात लावला नाही. फळीवर सगळं जागेवर आहे, एकही आकृती रिकामी नाही, आणि ते मला बघवत नाही. मोटार रोज सकाळी सहाला मी लावते. स्टार्टर अजून एकदाही पडलेला नाही. वडील आता मला कधी बहीण समजतात, कधी नर्स, आणि वार विचारायचं डॉक्टरांनी सोडून दिलं आहे. पण खालून मोटारीचा आवाज आला की ते उशीवरून मान उचलतात.

"कोणी हात घातलाय का आत?"

"नाही, बाबा."

"फ्यूज कोणाच्या खिशात?"

"माझ्या."

"बरं," म्हणतात आणि मान टेकतात. मोटार चालू आहे म्हणजे फ्यूज जागेवरच आहे, हे मी सांगत नाही. मोटार बंद होईपर्यंत हे तीन-चार वेळा होतं. आता माझ्या सगळ्या कुर्त्यांना खिसे आहेत. शिंप्याला तसं लिहूनच दिलं आहे.